उमेदवारी देतो कोण?

(भुसावळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून.)



पक्षाने उमेदवार कसा निवडावा, आणि त्या निवडीत पैशाला किती स्थान असावे, हा आजचा विषय आहे. विषय जुना आहे आणि तो आपल्या जिव्हारी लागणारा आहे. नगरपालिकेची वा जिल्हा परिषदेची निवडणूक आली, की आपल्या प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत एक नाव हमखास पुढे येते. गृहस्थ सज्जन असतात, त्यांचा कारखाना किंवा जिनिंग असते, काल-परवापर्यंत ते कोणत्याच पक्षाचे नसतात किंवा सगळ्याच पक्षांचे असतात. त्यांच्या वतीने कोणीतरी सांगतो, 'खर्चाची काळजी करू नका, तो ते पाहतील.' मग बैठकीत एक विचित्र शांतता पसरते. त्या शांततेत वीस-वीस वर्षे सतरंज्या घातलेल्या कार्यकर्त्याच्या मनात काय चालते, हे येथे बसलेल्यांना मी सांगण्याची गरज नाही.

या प्रश्नाकडे आज जरा दूरच्या एका उदाहरणातून पाहावे असे मी ठरविले आहे. उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्याचे आहे, पण माणूस आपला आहे. बेळगावचा आहे. श्री ठाणेदार हे त्यांचे नाव आणि त्यांचे मराठीतील आत्मचरित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. सीमाभागातील एका निम्नमध्यमवर्गीय कुटुंबात ते वाढले, कोवळ्या वयात घराचा भार डोक्यावर आला, रसायनशास्त्र शिकत ते मुंबईला आले, विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली, भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी केली आणि १९७९ मध्ये अमेरिकेला गेले. ॲक्रन विद्यापीठात १९८२ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे सेंट लुईसमध्ये नोकरी करता करता त्यांनी 'केमिर' नावाची एक लहानशी रासायनिक प्रयोगशाळा कर्ज काढून विकत घेतली आणि ती वाढवत नेली. मराठी वाचकाला ही कथा आवडली यात नवल नाही. ज्या समाजात धंदा हा शब्द अजूनही थोडा संकोचाने उच्चारला जातो, तेथे असे पुस्तक हातोहात जाणारच.

अशा यशकथेत सहसा वाचून पुढे जावे असे एक प्रकरण असते, ते येथेही आहे. कर्जाच्या आधारावर त्यांनी औषधचाचण्यांच्या क्षेत्रातील कंपन्या घेतल्या, विस्तार केला, आणि मंदी आली. २०१० मध्ये बँकेने सगळ्या उद्योगाचा ताबा घेतला. कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. न्यू जर्सीतील एका प्रयोगशाळेत चाचण्यांसाठी ठेवलेली कुत्री आणि माकडे कुलपाआड अडकून राहिली, आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी प्राणिमित्रांना धावावे लागले. आठ वर्षांनी, प्रचाराच्या ऐन भरात, ही गोष्ट विरोधकांनी पुन्हा उकरून काढली. ताबा बँकेकडे गेला होता, मग माझ्या हाती काय उरले होते, असे ठाणेदारांचे त्यावर म्हणणे होते. मी त्या वादात शिरत नाही. मला वेगळेच जाणवते. त्याच वर्षी ते मिशिगनमधील ॲन आर्बरला आले, 'ॲव्होमीन' नावाची नवी प्रयोगशाळा काढली आणि २०१६ मध्ये तिचा मोठा हिस्सा विकून पुन्हा श्रीमंत झाले. कोट्यवधी डॉलरांचे कर्ज बुडाल्यावर माणूस सहा वर्षांत पुन्हा उभा राहू शकतो. त्याच्या कर्तृत्वाला कमी लेखू नये. पण कर्जबाजारी झालेल्या उद्योजकाला दुसरी संधी देणारी जी व्यवस्था तेथे आहे, तिचा एक दशांश तरी यावल-रावेरच्या केळीवाल्याला किंवा बोदवडच्या कापूसवाल्याला लाभतो काय? त्याचे कर्ज थकले की त्याची पत संपते, सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि तो तेथेच राहतो. यशकथा ऐकताना हे विसरायचे नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जून २०१७ मध्ये ठाणेदारांनी जाहीर केले, की २०१८ च्या निवडणुकीत मिशिगनचे राज्यपाल होण्यासाठी आपण डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत आहोत. आपल्याकडचा राज्यपाल राजभवनात बसतो. तिकडचा राज्यपाल जनतेने थेट निवडलेला कारभारी असतो, आपल्या मुख्यमंत्र्याहूनही बलवान. यापूर्वी त्यांनी साधी नगरपरिषदेची निवडणूक लढविली नव्हती. पक्षात पद भूषविले नव्हते. राज्यातील पक्षकार्यकर्त्यांना त्यांचे नाव नीट उच्चारताही येत नव्हते. या अडचणीचेच त्यांनी भांडवल केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बोल या तिकडच्या फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या वेळी त्यांची जाहिरात झळकली. तिच्यात माणसे त्यांचे नाव चुकीचे उच्चारीत होती. युक्ती चतुर होती. काही महिन्यांत घरोघर ते नाव पोहोचले आणि वसंतातल्या काही मतचाचण्यांत तर ते पहिल्या क्रमांकाच्या आसपास दिसू लागले.

जाहिरातीला पैसा लागतो. तो कुठून आला? स्वतःच्या खिशातून. एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यांनी स्वतःची घातली. आणि कार्यक्रम कोणता मांडला? तो ऐकून आपल्याला आनंद वाटावा असा होता. सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा, तासाला १५ डॉलर किमान वेतन, बड्या कंपन्यांच्या देणग्यांना नकार. माझ्याजवळ पैसा आहे म्हणून मी कोणाचा मिंधा नाही, हा त्यांचा युक्तिवाद. हा युक्तिवाद तुम्ही जळगाव-धुळ्यातही ऐकला असेल. 'साहेबांना खायची गरज नाही, त्यांच्याकडे भरपूर आहे.' या वाक्याइतके लबाड वाक्य राजकारणात दुसरे नाही. सार्वजनिक जीवनातील माणूस मिंधा राहू नये हे खरे. पण जो कोणाचाच मिंधा नाही, तो पक्षाच्या सभासदांचाही बांधील नाही, त्याला जाब विचारणारा कोणी नाही, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे.

ती दुसरी बाजू लवकरच दिसू लागली. उमेदवारी मागण्यापूर्वी ठाणेदारांनी कोणत्या पक्षातून उभे राहावे याचीच चाचपणी केली होती, असे काही राजकीय सल्लागारांनी वृत्तपत्रांना सांगितले. ठाणेदारांनी ते नाकारले. २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांनाही त्यांनी देणगी दिली होती, हे मात्र नोंदीत होते. माणसाचे मत बदलू शकते, बदलावेही. परंतु मत बदलले की नाही हे ओळखण्याचे साधन कोणते? वर्षानुवर्षांचे काम हे एकच. मोर्च्यात कोण होते, संपात कोण होते, हरण्याची खात्री असताना कोण उभे राहिले, यावरून पक्ष माणूस ओळखतो. जाहिरातीवरून ओळखण्याची सोय नाही.

७ ऑगस्ट २०१८ रोजी मतदान झाले. ग्रेचेन व्हिटमर यांना सुमारे ५२ टक्के मते पडली. राज्याच्या सिनेटमध्ये त्यांनी विरोधी गटाचे नेतृत्व केले होते आणि मोटार कामगारांची संघटना तसेच राज्यातील कामगार महासंघ त्यांच्या पाठीशी होता. दुसऱ्या क्रमांकावर डॉ. अब्दुल अल-सय्यद होते, सुमारे ३० टक्के मते घेऊन. ते इजिप्तमधून आलेल्या कुटुंबातले, डेट्रॉइटच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख आणि बर्नी सँडर्स यांचा पाठिंबा लाभलेले. ठाणेदार तिसरे आले. मते पावणेअठरा टक्के, म्हणजे दोन लाखांच्या थोडी वर. हिशेब केला तर एका मतामागे सुमारे पन्नास डॉलर खर्च झाला.

येथपर्यंतची गोष्ट सांगून मी थांबलो असतो, तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. संघटना जिंकली, पैसा हरला! पण मित्रहो, निकालाचा तपशील पाहिल्याशिवाय टाळ्या वाजवणे हा आपला जुना रोग आहे. डेट्रॉइट शहरात कोणाला सर्वांत जास्त मते पडली? व्हिटमरना नाही, अल-सय्यदनाही नाही. ती ठाणेदारांना पडली. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर, कामगार चळवळीचे माहेरघर. लोकसंख्येत बहुसंख्य कृष्णवर्णीय. कारखाने गेले, लोकसंख्या निम्म्याहूनही खाली आली, २०१३ मध्ये शहराने स्वतःची दिवाळखोरी जाहीर केली. ज्या गरीब वस्तीसाठी कामगार संघटना आणि पुरोगामी डॉक्टर दोघेही बोलत होते, त्या वस्तीने मत दिले ते लक्षाधीश रसायनशास्त्रज्ञाला.

याचे उत्तर 'लोक जाहिरातीला भुलले' एवढेच देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि ते लोकांचा अपमान करणारे आहे. माझा तर्क वेगळा आहे. ज्या वस्तीची मते पक्षाने गृहीत धरलेली असतात, तेथे पक्षाचा माणूस मतदानाच्या आधी पंधरा दिवस येतो. गृहीत धरलेल्या माणसाला हे कळते. मग कोणी तिसरा, ज्याला आपले मत खरोखर हवे आहे, जो त्यासाठी खर्च करायला तयार आहे, तो निदान आपल्याला किंमत तरी देतो असे त्याला वाटते. ही किंमत डॉलरमध्ये असते हे दुर्दैव. पण शून्यापेक्षा पन्नास अधिक, हा हिशेब गरीब माणसाने केला तर त्याला दोष द्यायचा कोणत्या तोंडाने? आपल्या शहरांतील ज्या वॉर्डांत आपले कार्यालय आता बंद आहे, तेथे काय झाले याचा विचार ज्याने त्याने करावा.

पुढची हकिगत थोडक्यात. हरलेले ठाणेदार घरी बसले नाहीत. ते डेट्रॉइटमध्ये राहावयास गेले. २०२० मध्ये तेथूनच राज्य विधानसभेवर निवडून आले. २०२२ मध्ये त्यांनी अमेरिकन काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाची उमेदवारी मागितली. नऊ जण रिंगणात होते. पुन्हा स्वतःचे लक्षावधी डॉलर ओतले, विरुद्ध बाजूने बाहेरच्या एका बलाढ्य गटानेही चाळीस लाखांहून अधिक डॉलर ओतले. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर उमेदवारी जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये सहज निवडून आले. २०२४ मध्ये पुन्हा आले. डेट्रॉइटला १९५० च्या दशकापासून सतत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता, ती परंपरा तेथे तुटली. कृष्णवर्णीय उमेदवार अनेक उभे राहिले आणि मते फुटली, हे त्याचे एक कारण. फाटाफुटीने कोणाचा लाभ होतो हे समाजवाद्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एक गंमत. हेच ठाणेदार काही काळ 'डेमोक्रॅटिक सोशालिस्ट्स ऑफ अमेरिका' या संघटनेचे सभासद होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये, इस्रायल आणि गाझाच्या प्रश्नावर त्या संघटनेशी मतभेद होऊन, त्यांनी सभासदत्व सोडले. म्हणजे तिकडे समाजवादीही होता येते आणि एका निवेदनाने तसे नसताही येते. मधल्या काळात कोणत्या शाखेच्या बैठकीत बसावे लागते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आता पद्धतीकडे वळू. कारण दोष एका माणसावर ढकलून चालणार नाही. तिकडे पक्षाची उमेदवारी पक्षाचे नेते देत नाहीत. ती मतदार देतात. यालाच ते प्रायमरी म्हणतात. मिशिगनमध्ये तर मतदाराची पक्षवार नोंदणीही नसते. कोणीही जावे आणि कोणत्याही एका पक्षाच्या रकान्यात गुप्त मतदान करावे. ही पद्धत आली ती फार चांगल्या हेतूने. विसाव्या शतकाच्या आरंभी पक्षांचे दलाल बंद खोलीत तिकिटे वाटीत आणि रेल्वे कंपन्या त्या दलालांना पोशीत. विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध झुंज दिली आणि १९०३ मध्ये तेथे थेट प्रायमरीचा कायदा आला. अध्यक्षपदाच्या उमेदवारीत १९६८ पर्यंत बंद खोलीचाच वरचष्मा होता. त्या वर्षी शिकागोच्या अधिवेशनाबाहेर तरुणांवर लाठ्या चालल्या, आत एकही प्रायमरी न लढलेल्या माणसाला उमेदवारी मिळाली, आणि त्या संतापातून नियम बदलले. खोलीचे दार उघडले. उघडल्या दारातून कोण येईल याचा विचार मात्र अपुरा झाला. त्यात १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उमेदवाराने स्वतःचा किती पैसा खर्च करावा यावर कायद्याने मर्यादा घालता येणार नाही. कारण काय, तर खर्च करणे हे भाषणस्वातंत्र्याचे अंग आहे! ज्याच्याजवळ पैसा नाही त्याचे भाषणस्वातंत्र्य तेवढेच लहान, असा याचा सरळ अर्थ.

मग उद्योजकांची रांग लागली. अँड्र्यू यांग आले, प्रत्येक प्रौढाला दरमहा हजार डॉलर ही कल्पना घेऊन, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये माघारी गेले. त्याच वर्षी मायकेल ब्लूमबर्ग यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी शंभर कोटी डॉलरच्या घरात स्वतःचे पैसे उडवले आणि जिंकले काय, तर पॅसिफिक महासागरातील अमेरिकन सामोआ हे चिमुकले बेट. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षात विवेक रामस्वामी या औषध-उद्योजकाने नशीब आजमावले. आयोवा राज्यात पहिल्याच फेरीत ते चौथे आले आणि त्याच रात्री, १५ जानेवारीला, माघार घेतली. ही सगळी हरलेली माणसे. पण याच दारातून २०१६ मध्ये एक उद्योजक आत आला आणि अध्यक्ष होऊन बसला, हे सांगितल्यावाचून यादी पुरी होत नाही. पैसा नेहमी जिंकतो असे नाही. पण पैशाला पुनःपुन्हा प्रयत्न करता येतो. गरीब उमेदवार एकदा हरला की त्याचे घर हरते.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे दार बंदच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून प्रत्येक नोंदणीकृत पक्षाला लिहून द्यावे लागते, की आपली समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा आहे. (कायद्याने आज देशात समाजवादी नसलेला एकही नोंदणीकृत पक्ष नाही. तेवढ्यावर ज्याला समाधान मानायचे असेल त्याने मानावे.) पण त्या पक्षाने उमेदवार कसा निवडावा याबद्दल कायदा अवाक्षर काढीत नाही. पक्षाने अधिकार दिलेल्या माणसाची सही असलेला 'ए-बी फॉर्म' ज्याच्या हाती, तो उमेदवार. ती सही कोणत्या खोलीत, किती वाजता आणि कशाच्या मोबदल्यात झाली हे सभासदाला कधीच कळत नाही. देशाच्या सर्वोच्च पदाचेही तेच. येथून जवळच्या बोदवड तालुक्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, आपल्या जिल्ह्याला त्याचा आनंद झाला, तो योग्यच होता. पण उमेदवार म्हणून त्यांचे नाव दिल्लीत नेत्यांच्या वाटाघाटींतून एकदम बाहेर आले. त्या नावावर कोणत्याही पक्षाच्या सभासदांनी मत दिले नव्हते.

काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला निवडक मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग करून पाहिला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर हे दोन मतदारसंघ होते. मतदार कोण, तर पक्षाचे पदाधिकारी आणि निवडक मंडळी. वर्ध्यात निवड झाली ती मावळत्या खासदारांच्या चिरंजीवांची. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि प्रयोगही तेथेच विरला. मतदारयादीच ज्यांच्या हाती, त्यांच्याच घरात निकाल लागला.

आपल्या याच मुलखात फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले खेड्यातील अधिवेशन भरले. त्या काळी अध्यक्ष प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींच्या मतांनी निवडला जाई आणि प्रतिनिधी सभासदांतून येत. १९३९ मध्ये सुभाषबाबू गांधीजींच्या पसंतीच्या उमेदवाराविरुद्ध १५८० विरुद्ध १३७७ अशा मतांनी अध्यक्ष झाले. पुढे त्यांना काम करू दिले गेले नाही, हा इतिहास आहेच. पण चार आण्यांच्या सभासदापासून सुरू होणारी साखळी अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोहोचत होती, आणि ती गुलामीच्या काळात पोहोचत होती.

पैशाच्या बाबतीत आपण अमेरिकेला हसू नये. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख, अशी खर्चाची मर्यादा २०२२ मध्ये ठरली. कागदावर ती छान दिसते. परंतु १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात म्हटले, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही याच मर्यादेत धरावा, तेव्हा सरकारने काय केले? त्याच वर्षी घाईघाईने कायदा बदलून पक्षाचा खर्च मोजणीतून वगळला. १९७४ हे वर्ष भुसावळकरांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी मे महिन्यात देशभरच्या रेल्वे कामगारांनी संप केला. वीस दिवस तो चालला, हजारो तुरुंगात गेले, रेल्वेच्या वसाहतींतून कामगारांच्या बायकामुलांना बाहेर काढले गेले. कामगारांपुढे न वाकणारे सरकार पक्षनिधीच्या तिजोरीपुढे किती लवकर वाकते, हे एकाच वर्षात दिसले. पुढे निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, पण तोवर कोट्यवधींची देवघेव होऊन गेली होती.

सकाळच्या सत्रात एका तरुण मित्राने मला विचारले, की उपऱ्या उमेदवाराला तुमचा विरोध आहे, मग मधु लिमये बिहारमधून कसे निवडून आले? प्रश्न बिनतोड आहे. पुण्याचा माणूस १९६४ च्या पोटनिवडणुकीत मुंगेरमधून लोकसभेत गेला. जॉर्ज फर्नांडिस मूळचे मंगळूरचे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांत आणि पालिका कामगारांत वाढलेले. १९७७ मध्ये मुजफ्फरपूरमधून उभे राहिले तेव्हा तुरुंगात होते. मतदारसंघात पाऊलही न टाकता तीन लाखांवर मताधिक्याने आले. तेही उपरेच. म्हणून उपरेपण हा माझा आक्षेप नाही. बेळगावच्या मुलाने डेट्रॉइटमधून उभे राहू नये, असे म्हणणारा मी कोण? आणि तसे म्हणालो, तर मुंबईत परप्रांतीयांच्या नावाने गळा काढणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसावे लागेल. फरक आहे तो हा. मुंगेरला मधु लिमयांना कोणी नेले? तेथल्या पक्षशाखेने. मुजफ्फरपुरात जॉर्जच्या बेड्या घातलेल्या छायाचित्राभोवती कोण हिंडत होते? कार्यकर्ते आणि विद्यार्थी, पदरचे खाऊन. उमेदवार बाहेरचा होता, पण त्याला बोलावणारा, ओळखणारा आणि उद्या जाब विचारणारा पक्ष तेथे आधीपासून उभा होता. पैसेवाला उमेदवार पक्षाला सोबत घेऊन येत नाही. तो पक्ष भाड्याने घेतो.

उद्योजकाविषयीही माझ्या मनात आकस नाही. ज्याने शून्यातून प्रयोगशाळा उभी केली, शेकडो लोकांना काम दिले, त्याच्याकडून हिशेब आणि चिकाटी शिकावी. पण 'मी कारखाना चालविला, म्हणून राज्यही चालवीन' हे विधान तपासून घ्यावे लागते. कारखानदाराला नको असलेला माणूस काढून टाकता येतो. राज्यकर्त्याला नागरिक काढून टाकता येत नाहीत. तोट्यातला विभाग कारखानदार बंद करतो. धडगाव-अक्कलकुव्याची शाळा तोट्यात असते, म्हणूनच ती सरकारने चालवायची असते.

शेवटी, बैठकीतल्या त्या शांततेकडे परत यायला हवे, कारण तिथे मी तुम्हाला अर्धवट सोडून जाऊ शकत नाही. येथल्या एका ज्येष्ठ रेल्वे कामगार मित्राने मला रोखठोक सांगितले, 'तुमचे सगळे पटले, पण खर्च कोण करणार ते सांगा.' पैसेवाल्याला नकार दिला तर जागा जाते. होकार दिला तर पक्ष जातो. आणि दोन-तीन निवडणुका सलग जागा गेल्या तर कार्यकर्ता जातो. हा पेच खरा आहे आणि त्यावर माझ्याजवळ गुळगुळीत उत्तर नाही. एवढेच सुचवतो, की उमेदवारी मागणाऱ्याने निदान दोन वर्षे सभासद असलेच पाहिजे, त्याचे नाव तालुक्यातल्या सभासदांनी गुप्त मतदानाने ठरवावे, आणि त्याने स्वतःच्या निवडणुकीत स्वतःचा किती पैसा घालावा यावर पक्षाने आपणहून मर्यादा घालावी. कायदा घालीत नाही म्हणून आपणही घालू नये असे कोठे आहे? उरलेला पैसा वर्गणीचा. १९७७ मध्ये मताबरोबर नोटही मागितली गेली, आणि चाळीतल्या, वस्तीतल्या लोकांनी ती दिली. ज्याने दहा रुपये दिले तो मतदानाच्या दिवशी स्वतः येतो, शेजाऱ्यालाही आणतो, आणि निवडून आलेल्याला पुढे पाच वर्षे रस्त्यात अडवून विचारतो.

मात्र सभासदांचे मतदान घ्यायचे तर सभासद खरे हवेत. आज तालुक्याच्या नोंदवहीत जी नावे आहेत त्यांतली किती हयात आहेत, किती गाव सोडून गेली, आणि किती नावांची वर्गणी एकाच खिशातून भरली गेली, याची तपासणी करायला किती दिवस लागतील? अध्यक्षांच्या परवानगीने मी असे म्हणेन, की जेवणानंतरचे सत्र भाषणांना न देता त्या नोंदवहीला द्यावे. वही सोबत आणली आहे असे मला सांगण्यात आले आहे.